पोन्नुत्तायींची राख

मु. भवानी,
आडी अठराचा दुसरा दिवस

प्रिय कनगा अक्का,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? करूरला येतो असं कळवून मी आलोच नाही, त्याचं कारण लिहायचं आहे. पण आधी कालचं सांगतो.

काल आडी अठराच्या नदीपूजेला कावेरीवर बायांची ही गर्दी! चिंचभात, दहीभात, पाण्यात दिवे. मी तिघींकडे जेवलो. मी काम करतो त्या डाईंगच्या, कापड रंगवायच्या शेडच्या मालकीण पोन्नुत्तायी अम्मा मात्र अंगणात राख चाळत बसल्या होत्या. "चला की," म्हटलं. तर म्हणाल्या, "वीस वर्षं माझा लाल-हिरवा तिच्या पोटात सोडलाय. आता हळद-कुंकू घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

शेडला प्रदूषण खात्याचं सील आहे. राखेचा प्रयोग पास झाला तरच निघेल. साखर कारखान्याच्या बॉयलरची ही राख फुकटसुद्धा कुणी उचलत नाही. अम्मांनी ती आणली, धुतली, भाजली, तीन पिंपांत भरली. वरून रंगाचं पाणी ओतायचं. रंग राखेला चिकटतो, खालून पाणी निवळून येतं. रंग प्यायलेली राखही त्या उघड्यावर टाकत नाहीत, विटांत घालतात. आणि बाई शिकलेली किती? पाचवी! मी आठवी असून नुसता बघत राहतो.

आता कारण. गेल्या महिन्यात खात्याचे साहेब तपासायला आले. अम्मा त्यांना आणायला फाटकाशी गेल्या, आणि मला दिसलं, तिसऱ्या पिंपाचं पाणी गुलाबी येतंय. मी बादलीत ब्लीचिंग पावडरची मूठ टाकली. आम्हा रंगवाल्यांची जुनी खोड. पाणी काचेसारखं झालं.

साहेब खूश. "वा बाई! आणा कागद, सही करतो."

अम्मांनी नमुन्याची बाटली नाकाशी नेली, ब्लीचिंगचा वास ओळखला. "थांबा साहेब. हे माझ्या राखेचं काम नाही."

"अहो, साफ तर दिसतंय!"

"दिसतंय. म्हणूनच थांबा म्हणते."

सील तसंच राहिलं. अक्का, मी पिशवी भरली. करूरला येतो हे पत्र मी तेव्हाच टाकलं. तुझी आठवण वगैरे खोटं होतं, पळायला जागा हवी होती.

अम्मांनी दारात अडवलं. वाटलं, कानाखाली बसणार. तर धाकट्या भावाला विचारावं तसं विचारतात, "तंबी, किती गुलाबी होतं रे? डाळिंबाच्या दाण्याएवढं, की त्याहून फिकं?"

दोन दिवस तेवढंच विचारत राहिल्या. मग त्यांना उमगलं: त्या लाल रंगात सोडा जास्त पडला होता, आणि सोड्याच्या पाण्यातून राख रंग धरत नाही. आता थोडं आम्ल घालून आधी सोडा मारतात, मग पाणी राखेवर सोडतात. कालपर्यंत अकरा वेळा बघितलं. स्वच्छ. मी वास घेऊनही बघितला.

उद्या साहेब पुन्हा येणार. मी म्हटलं, "अम्मा, मी उद्या बाजारात जाऊन बसतो."

"बाजारात काय तुझं लग्न ठरलंय? नमुना तूच भरायचा. साहेबांच्या डोळ्यांसमोर."

पिशवी रिकामी करून खुंटीला टांगली आहे.

उद्या पिंपाशी उभा राहणारा,
तुझा इळंगो