बुळबुळीत पाणी

सोमवार, १० जून

सकाळी सासूबाई ओरडल्या, "अगं, हात काढ!" बघते तर बोटं तापलेल्या पातेल्याला टेकलेली. मला पत्ताच नाही.

पातेल्याचं सोडा, मला शुक्रवार आठवला. कारखान्यात कोळंबीची टरफलं कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्यात उकळली की दहा पाण्यांनी धुवायची, मग कागदाच्या पट्टीने पाणी तपासायचं. शुक्रवारी पट्ट्या संपल्या. मॅडम म्हणाल्या, "तुमची बोटं आहेत ना!" खरंच, बारा वर्षं मी पाणी चिमटीत चोळून सांगते – बुळबुळीत लागलं म्हणजे कॉस्टिक आहे अजून. शुक्रवारी सातव्याच पाण्याला मी "झालं" म्हटलं. वाटलं, वा, लवकर सुटलं की!

त्याच टरफलांची पूड होणार. रक्त थांबावं म्हणून जखमेवर टाकायला दवाखान्यात जाणार.

मंगळवार, ११ जून

साबणाच्या पाण्यात बोटं चोळली. मग साध्या पाण्यात. दोन्ही सारखंच. भीती वाटतेय.

बुधवार, १२ जून

सांगायचं ठरवून मॅडमच्या केबिनपर्यंत गेले. त्या नव्या मुलींना माझी ओळख करून देत होत्या – "ही आमची चालतीबोलती पट्टी!" मुली हसल्या. मीही हसले आणि तशीच परत आले. टोपल्या उचलायला माझी कंबर नाही. बोटंही गेली म्हटल्यावर मला ठेवणार कोण? भित्री आहे मी, दुसरं काय.

गुरुवार, १३ जून

पूड पाकिटांत भरली. पांढरीशुभ्र. उद्या नऊला गाडी निघणार. एक पाकीट पदराखाली लपवून आणलं – आयुष्यातली पहिली चोरी. डोळे मिटून मनगटावर ओरखडा काढला. वाटलं होतं तेवढं दुखलंही नाही. रक्तावर पूड दाबून पट्टी बांधली. जळलं तर सांगायचं, नाही तर गप्प बसायचं.

दोन तास झाले. जरासुद्धा जळलं नाही! सासूबाई म्हणाल्या, "गालातल्या गालात काय हसतेस?" चार दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवार, १४ जून

सासूबाईंनी पट्टी सोडली. मनगटाची कातडी सोलून निघालीय, आत लालबुंद. "अगं, झोप कशी लागली तुला यावर?" त्यांनी जखमेच्या कडेला बोट लावलं. मला कळलंच नाही.

सव्वाआठ. मॅडम फोन उचलत नाहीत. मनगट तसंच उघडं ठेवून निघालेय – गाडीवाल्याला दाखवायला.