घरी कसे वागतात?

७ जून

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. चर्चचा पाळक झालास, पण पत्राला उत्तर देण्याचा आळस काही गेला नाही.

इकडे मोठी बातमी आहे. तुझ्या भावोजींना आमच्या चर्चच्या मंडळीचे शिक्षक नेमायचं चाललंय. दर रविवारी बायबलमधलं वचन समजावून सांगायचं, बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी करून घ्यायची. त्यांचा अभ्यास तुला माहीतच आहे. पुस्तकांनी माझी शिवणमशीन पार व्हरांड्यात हाकललीय.

पण नेमणुकीआधी इथले पाळक आणि मंडळीचे पंच घरी आले. चहा झाल्यावर पाळकांनी मलाच विचारलं, की हे जसं शिकवतात तसे घरी वागतात का? हे शेजारीच बसलेले. मी विचार करून सांगते म्हणाले आणि कपबशा उचलून आत गेले. तेव्हापासून ह्यांनी तो विषयच काढला नाही.

हे कधी ओरडत नाहीत, व्यवहाराला चोख आहेत. पण आमच्या थोरल्या मुलाचं काय करू? त्याचा जिवलग मित्र गेला, तेव्हा आता प्रार्थना करावीशी वाटत नाही असं तो म्हणाला. ह्यांनी वचनांवर वचनं ऐकवली. सगळी बरोबर होती रे! पण पोरगा घर सोडून गेला. सोफ्याच्या दुकानात काम करतो, वरच्याच खोलीत राहतो. मी जाते भेटायला, हे जात नाहीत.

खरं सांगितलं तर ह्यांची मान खाली जाईल. मी गप्प बसले तर माझी मलाच लाज वाटेल. लवकर लिही. मायेत अंतर नको.

तुझी,
ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. टोमणा पोचला.

भावोजींची निम्मी प्रवचनं मी इथे खपवतो, तेव्हा माझा निवाडा निःपक्षपाती समजू नकोस. अभ्यास हवाच. अर्धवट शिकलेल्यांनी माणसांना किती घाबरवून सोडलंय, ते मी इथे निस्तरतोय. पण बायबलात प्रेषितानं मंडळीच्या पुढाऱ्याची पात्रता सांगताना शिकवण्याच्या हातोटीला एकच शब्द दिला. बाकी सगळं स्वभावाबद्दल आणि घराबद्दल.

निर्दोष माणूसच हवा असेल तर आधी मला घरी बसवावं लागेल. चूक दाखवली तर माणूस वाकतो का, एवढंच मी पाहीन. म्हणून पंचांना काही सांगायच्या आधी भावोजींनाच सांग. चारचौघांत नको.

भावोजींना नमस्कार. रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा,
धाकटा

२ जुलै

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद. सांगितलं बाबा एकदाचं. हे सदऱ्याला इस्त्री करत होते. ऐकून घेतलं, राहिलेली बाही पुरी केली आणि न जेवता झोपले. मला वाटलं, संपलं सगळं.

दुसऱ्या दिवशी स्वतःच पाळकांकडे गेले आणि नेमणूक थांबवा म्हणाले. तिथून तडक सोफ्याच्या दुकानात. थोरल्यानं मला नंतर सांगितलं, की तोंडात बारीक खिळे धरून तो सोफ्याला कापड ठोकत होता, त्यामुळे त्याला पटकन बोलताही येईना. हे पाठ नसलेल्या एका सोफ्यावर बसले आणि तुझा मित्र कसा होता ते मला सांग म्हणाले. तो सांगत राहिला, हे ऐकत राहिले. मधे एकही वचन नाही! उठताना म्हणाले, त्या दिवशी माझं चुकलं. एवढ्या वर्षांत मी हे शब्द ह्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. आणि ऐकायला मिळाले ते पोराला, मला नाहीतच!

थोरला अजून चर्चला येत नाही. रविवारी जेवायला मात्र येतो.

काल पाळक परत आले आणि ह्यांच्यादेखत तोच प्रश्न विचारला. मी म्हणाले, शिकवतात तसं वागायला लागलेत, पण अजून नवखे आहेत. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते हेच. मग ह्यांनीच वर्षभर थांबू द्या म्हणून सांगितलं आणि पाळकांनी मान्य केलं.

तब्येतीला जप. आहे तसाच जीव लावत राहा.

तुझी,
ताई