मधली जागा

१४ नोव्हेंबर

चि. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. इकडे सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, त्यापेक्षा जास्त त्या स्वतः कुरकुरतात. वरच्या बाईंनी नवं शिवणयंत्र घेतलंय, त्यामुळे माझी दुपारची झोप गेली.

तुझं लग्न ठरल्याचं वाचून खरंच बरं वाटलं. शिक्षक माणूस आहे, सांभाळून घेईल. रविवारी दोघं येणार आणि आपल्या काचेच्या टाकीत वाढणाऱ्या हिरव्या पोवळ्याची एक फांदी नव्या घरी नेणार, हा मजकूर तर सासूबाईंनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. पोरगा गेल्यापासून त्याच्या हातचं जिवंत म्हणावं असं घरात तेवढंच. आता त्याचंच सांगायला बसलोय आणि गुडघ्याच्या गोष्टी लावल्यात.

ते हिरवं त्यानं दगडाच्या टोकावर बसवलं होतं आणि भोवती वीतभर जागा मोकळी. मी रोज टोकायचो. माझं आयुष्य बसमध्ये गेलं, रिकामी जागा दिसली की कंडक्टरच्या तोंडून 'पुढे सरका' निघतंच. तो म्हणायचा, "बाबा, ती जागा रिकामी नाही, ती वापरात आहे." मला वाटायचं, कार्टं माझी फिरकी घेतंय.

तुझं पत्र आलं आणि वाटलं, पाहुणा पहिल्यांदाच येतोय, टाकी अशी ओस दिसायला नको. टाकीसाठी मासे-पोवळी मिळतात त्या दुकानात गेलो. मालक नव्हता. बारीक चांदण्यांनी भरलेलं एक गुबगुबीत पोवळं आवडलं, ते घेतलं आणि नेमकं हिरव्याला खेटून बसवलं. शेजारी कोण चालेल, हे कंडक्टर कधी प्रवाशाला विचारतो का? टाकी इतकी भरलेली दिसायला लागली की मी समोर खुर्ची टाकून बसायचो.

मग हिरव्याची एक बाजू पांढरी पडली. वाढीला लागलं की त्याची टोकं पांढरी होतात, हे पोरानंच सांगितलं होतं. मी सासूबाईंना हाक मारून दाखवलं, "बघ, जोमानं वाढतंय." त्या किती दिवसांनी हसल्या. त्या दिवशी आम्ही दोघं फार आनंदात होतो गं.

मग हिरव्याची कातडी सुटून पाण्यात तरंगायला लागली, तेव्हा दुकानाच्या मालकाला हाताला धरून आणलं. तो म्हणाला, दिवे मालवले की हे नवं लांब लांब दोरे सोडतं आणि लागेल त्याला डंख करून मारतं. टाकी लावणाऱ्याला हे ठाऊक होतं, म्हणून त्यानं अंतर ठेवलं होतं. मालकानं हिरव्याची एक जिवंत फांदी तोडून लांबच्या दगडावर चिकटवून दिली. काल तीही गेली. नवं मात्र मजेत आहे. मालक म्हणाला, तसंच दुसरं हिरवं देतो, कुणाला कळायचं नाही. मी त्याच्या मागोमाग दाराबाहेर जाऊन परत आत आलो, इतका मोह झाला. पण तू ते पोराचं म्हणून जपलं असतंस, आणि ते माझ्याच्यानं बघवलं नसतं.

आज सासूबाईंना सांगितलं. रडतील वाटलं होतं. त्या भाजी निवडत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "आता ती कशाला येईल?"

ती फांदी तुझ्याकडे असती तर कशी आहे, केवढी झाली, असं विचारायला फोन करता आला असता. नुसतं तुझं विचारायला तुझ्या नव्या घरी कोणत्या तोंडानं फोन करायचा? ते निमित्त मीच घालवलं.

रविवारी येऊ नकोस. सांगाडा बघायला शिक्षकांना एवढ्या लांबून कशाला आणायचं? तू आलीस तर सासूबाई पुन्हा वाट बघायला लागतील, आणि ती वाट मला पुढे रोज बघावी लागेल.

आजवर खाली 'तुझे बाबा' लिहीत आलो. तिकडेही तुला बाबा असतीलच, त्यांची जागा अडवत नाही.

सुखी राहा.

तुझ्या पहिल्या नवऱ्याचे वडील