सलिलची कुपी

श्रीवर्धन, २१ जुलै २०२५

चि. क्षिप्रास, आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इकडे आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर 'जेवलीस का' याच्यापुढे माझी गाडी जात नाही, म्हणून लिहायला बसले. वाडीत कोळेरोग आलाय, कोवळी सुपारी टपाटप गळते. वाडीत कामाला येणारी नीराबाई दाखवायला हाका मारते, तुझे बाबा मान डोलावतात आणि टीव्हीसमोर बसतात. टीव्ही बंद असला तरी बसतात. मलाही काही वाटत नाही. सलिल गेल्यापासून हात आपले आपण कामं करतात.

श्रावण वद्य पंचमीला त्याचं वर्षश्राद्ध. बोर्लीचे भटजी येणार आहेत. मागे तू बोलून गेलीस, की सलिलच्या घशातला नमुना इस्पितळानं तपासायला पाठवला तो तुमच्याच प्रयोगशाळेत आला, आणि फ्लूचा तो विषाणू अजून तिथे आहे. तेव्हा मी नुसतं हं म्हटलं. आता ते डोक्यातून जात नाही. माझ्या मुलाची राख झाली आणि त्याला मारणारा गारव्यात मजेत बसलाय! वर तू त्याला वाढवतेस. कसं करवतं गं तुला? श्राद्धाच्या दिवशी जाळून टाक त्याला. तू इकडे आली नाहीस तरी चालेल, पण एवढं कर.

वेळेवर जेवत जा, आणि आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी आई, अनुसूया


पुणे, ३० जुलै २०२५

ती. आईस, क्षिप्राचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं, परत वाचलं. रडू आलं नाही. कसं करवतं म्हणतेस? मला काही होतच नाही, म्हणून करवतं. नमुन्याच्या कुपीवर नाव नसतं, नुसता आकडा असतो.

मी काय करते ते सांगते. फ्लूच्या विषाणूचा सगळा मजकूर आरएनएच्या आठ धाग्यांत असतो. तो पेशीत शिरला की प्रत्येक धाग्याच्या ढीगभर प्रती निघतात, नुसती खिचडी. तरी नवा विषाणू बनताना त्यात प्रत्येक प्रकारचा एकेकच धागा जातो. भरणारं कुणी नसतं. धाग्यांच्या टोकांशी खुणा असतात, त्यांवरून ते एकमेकांना धरतात, बहुधा सात जण एकाच्या भोवती. एक जरी राहिला तरी त्या विषाणूला एकट्यानं पुढे वाढता येत नाही. ती पकड सोडवता आली तर औषध सापडेल. तू म्हणशील, सापाला दूध पाजतेस. हो, पाजते.

गठ्ठा जमला की तो पेशीच्या कडेशी येतो, आतून रेटा देतो आणि पेशीचाच पातळ पापुद्रा अंगाभोवती ओढून बाहेर सुटतो. म्हणजे ते पांघरूण त्याचं नसतं, ज्याच्या अंगातून निघाला त्याचं असतं. आम्ही वाढवलेल्या प्रतींवर कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींचं आहे, कारण त्यांतच वाढवतात. (नाक मुरडू नकोस.) सलिलचं पांघरूण फक्त त्याच्या नमुन्याच्या मूळ कुपीतल्या विषाणूंवर.

काम प्रतींवर चालतं. मूळ कुपी ठेवायची की नाही हे सरांनी माझ्यावर सोडलंय. तू म्हणतेस तर पंचमीला नष्ट करते. प्रेशर कुकरसारखं यंत्र असतं, त्या वाफेत काही उरत नाही. रजा मिळाली नाही असं बाबांना सांग. खरं म्हणजे मी मागितलीच नाही. सलिलच्या खोलीवरून जायचं माझ्यानं होणार नाही.

तुम्ही दोघांनी माझ्यावर लोभ ठेवा, मी दुरून वागते तरी.

क्षिप्रा


श्रीवर्धन, ११ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रास आशीर्वाद.

पत्र मिळालं. बाबांना वाचायला दिलं. ते पांघरुणाचं त्यांनी बोट ठेवून परत वाचलं. मग म्हणाले, म्हणजे आपल्या सलिलचं काहीतरी अजून आहे तर. कित्येक महिन्यांत स्वतःहून बोललेलं हे पहिलं वाक्य.

कशाला लिहिलंस गं ते? आता मला नाही जाळायचं. मारेकरी आहे, ठाऊक आहे मला. पण माझ्या लेकाची कातडी पांघरून बसलाय मेला. सलिलला एकदा अग्नी दिला, पुन्हा नाही द्यायचा. भटजींना विचारायला गेले नाही, ते काहीतरी शास्त्र सांगतील. तू कुपी ठेव. जन्मभर ठेवता आली तर जन्मभर ठेव.

हे फोनवर सांगायचं, पण तोंडानं बोलवत नाही. नीराबाईच्या रघूला लगेच पोस्टात पाठवते आहे.

आईच्या लहरीला हसलीस तरी चालेल, माया मात्र असू दे.

तुझी आई


पुणे, १६ ऑगस्ट २०२५

ती. आई आणि बाबांना नमस्कार.

तुझं पत्र आज पोचलं. कुपी मी पंचमीला सकाळीच नष्ट केली.

त्या सकाळी मी कुपी यंत्रात ठेवण्याआधी तू फोन केला होतास. जेवलीस का विचारलंस, मी हो म्हटलं, तू ठेवलास. तेव्हा बोलायचं होतंस गं, आई. मी खोटंच सांगितलं होतं, आदल्या रात्रीपासून उपाशी होते. यंत्राची वाफ सुटेपर्यंत तिथेच बसून राहिले. काही वाटलं नाही. हात धुतले आणि पुढचं काम घेतलं.

आता तू मला काय हवं ते बोल. कुपी परत येत नाही. प्रती आहेत, पण त्या कुत्र्याच्या पांघरुणातल्या, आणि तुला काय हवं होतं ते मला कळतंय. उद्या सकाळच्या एसटीनं निघते. रजेचा अर्ज घरी येऊन पाठवीन. रागानं का होईना, जवळ घ्या.

आज जिन्यातच तुझं पत्र फोडलं. 'माझ्या लेकाची कातडी' इथवर आले आणि पायरीवर बसून मोठमोठ्यानं रडले. शेजारच्या मधुवंतीकाकू धावत आल्या, काय झालं विचारू लागल्या. माझा भाऊ गेला, म्हणाले. त्यांनी विचारलं, कधी. मी आज म्हणून सांगितलं.

तुमची क्षिप्रा