शेंदराखालची माणसं

मंगळवार, ७ जानेवारी २०२५

आजपासून मी नोकरदार बाई! गळ्यात ओळखपत्र लटकतंय: रोहिणी धम्मपाल निकाळे, संग्रहालय सहायक. फोटोत मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. आई म्हणाल्या, बरोब्बर आलाय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कलाबाई. धम्मपाल ओझरहून ड्यूटी करून येताना हायवेवर गेला, त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. दोघींचे नवरे गेलेले, तोंडं मात्र दोघींची शाबूत. गावाकडच्या भावकीने तेव्हा परस्पर ठरवून टाकलं होतं की मी आता कोपरा धरायचा. आईंनी सगळ्यांसमोर माझ्या कपाळाला टिकली लावली आणि भावकीला चहासुद्धा न देता वाटेला लावलं. ती टिकली अजून आहे. बांगड्यांच्या जागी धम्मपालचं घड्याळ आहे, जाडजूड स्टीलचं. लोक त्याच्याकडे बघतात. बघू देत.

संग्रहालय एका ट्रस्टचं आहे, गंगापूर रोडला जुन्या दगडी बंगल्यात. पहिल्याच दिवशी शाळेची सहल आली. एका पोरीने विचारलं, सातवाहनांची नाणी खरी आहेत का, तर मी स्वतः पाडल्याच्या थाटात हो म्हटलं. इथल्या प्रमुख मोहिनी मॅडम खांबाआड उभ्या राहून हसत होत्या. खूप दिवसांनी मजा आली.

शुक्रवार, १० जानेवारी

मागच्या व्हरांड्यात वीरगळ मांडलेत. लढाईत मेलेल्या पुरुषाचा तो दगड. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत, वर तो पिंडीपुढे हात जोडून निवांत बसलाय. शेजारी त्याच्या बायकोचा सतीचा दगड, त्यावर फक्त कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला एक हात. अख्ख्या बाईतून एवढाच ठेवला! पाटीवर लिहिलंय, ‘पतीसोबत सहगमन केले.’ मी मॅडमना म्हटलं, सहगमन काय, सहलीला गेली होती का? जाळली असं लिहा. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचार करू म्हणाल्या. नाही म्हणाल्या नाहीत.

बागलाणकडचा एक दगड आजच ट्रॉलीतून उतरला. तिकडे रस्ता रुंद होतोय, म्हणून ग्रामपंचायतीने तो संग्रहालयाला दिला. पिढ्यान् पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर थापून त्याचा नुसता केशरी गोळा झालाय. वरच्या टोकाशी तेवढी हाताची बोटं कळतात. नव्या दालनाचं उद्घाटन फेब्रुवारीत आहे, त्याआधी तो साफ व्हायला हवा. मी मागून हे काम घेतलं. म्हटलं, बघू तरी बाईला कुठे दडवलंय.

गुरुवार, १६ जानेवारी

काम किचकट आहे पण मला आवडतंय. औषधाचा बोळा ठेवायचा, शेंदूर मऊ पडला की लाकडी सळईने हळूच काढायचा. घाई केली तर खालचं कोरीवकाम सुटतं. घरी गेल्यावर नखं केशरी पाहून आई चिडवतात, की एवढा शेंदूर आपल्या सात पिढ्यांनी मिळून कधी हाताळला नसेल.

दगडावरच्या त्या हाताच्या खाली एक चौकट निघाली. मध्ये चिता. चितेभोवती चार पुरुष, प्रत्येकाच्या हातात लांब बांबू, आणि बांबूंची टोकं चितेवर टेकलेली. मागे ढोलवाला. मॅडम धावत आल्या. असं शिल्प त्यांनी कुठेच पाहिलेलं नाही म्हणे, सगळीकडे बाई कशी हसत बसलेली दाखवतात. हे बांबू कशाला, ते मला विचारावं लागलं नाही. ती उठू नये म्हणून. आणि ढोल, तिचं ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून.

मला इतका राग आला की बाहेर जाऊन उभी राहिले. बाई अजून शेंदराखालीच आहे. आधी पुरुषांचे चेहरे घेतले. डोळ्यांत शेंदूर फारच घट्ट बसलाय, मुद्दाम ठासल्यासारखा. आज पहिल्याचे डोळे मोकळे केले.

मंगळवार, २१ जानेवारी

चौघांचे डोळे शुक्रवारीच मोकळे झाले. तेव्हा मला ते चितेकडे बघताना दिसले होते, हे मी शपथेवर सांगेन. आज सकाळी चौघेही समोर बघत होते, जिथे माझं स्टूल असतं तिथे. मी शुक्रवारचे फोटो काढून पाहिले. फोटोतही समोरच बघताहेत. म्हणजे माझंच चुकलं असणार.

दुपारी भागुबाई नावाची म्हातारी आली, दगड जिथून आणला त्या गावची. बसने सटाण्याहून एकटी आली होती. दगडाकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. मी पाणी दिलं. तिने आधी हेच विचारलं, “तुना धनी शे का?” नवरा आहे का, म्हणून. मी नाही म्हटलं. तिने कपाळाला हात लावला. “मंग त्यासनी तुले दखी लिधं, माय.” त्यांनी तुला पाहून ठेवलंय.

ती सांगत होती ते असं. गावाला वाटतं, ही सतीआईची पूजा. पण शेंदूर लावायचा मान फक्त विधवांचा, आणि त्यांना सासवांनी शिकवलेलं असतं की पहिलं बोट त्या चौघांच्या डोळ्यांत घालायचं. डोळे बुजले की ते शोधत नाहीत. कोणाला शोधत नाहीत, विचारलं, तर तिने माझ्याकडे बोट केलं.

मी तिला बस स्टँडवर सोडून आले. वाटेत समजावलं की आम्ही भुतंखेतं मानत नाही, आम्ही बौद्ध. ती म्हणाली, ते तुम्हाला मानतात.

शनिवार, २५ जानेवारी

पाठीत काहीतरी टोचतंय. गुरुवारी बसमध्ये सुरू झालं. पाठीच्या मधोमध गोल, बोथट काहीतरी टेकवून कोणी खाली ढकलतंय, असं. मागे वळून शिवी देणार होते, तर मागे कोणीच नाही. काल संग्रहालयाच्या तिकीट खिडकीत, भर दुपारी, लोकांच्या रांगेसमोर तेच. दाब एवढा की टेबलावर कपाळ टेकलं. जळक्या तुपाचा वास आला, कुठेतरी ढोल वाजत होता. मी मान वर केली आणि मोठ्याने म्हटलं, नाही बसणार खाली. रांगेतला माणूस घाबरून म्हणाला, मॅडम, दोन तिकिटं द्या फक्त.

आज वरच्या त्या हाताचा शेंदूर काढला. मनगटावर बांगड्या नाहीत. एक रुंद पट्टा आहे, कड्या-कड्यांचा, आणि मध्ये गोल तबकडी. मी माझं घड्याळाचं मनगट शेजारी धरून पाहिलं. हुबेहूब.

मॅडमना दाखवलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं. मग हा जुन्या पद्धतीचा दागिना असेल म्हणाल्या आणि मला चार दिवस सुट्टी घे म्हणाल्या. मी घेतली नाही. माझी जागा मी कोणाला सोडत नसते, दगडातल्या चार टोणग्यांना तर नाहीच.

बुधवार, २९ जानेवारी

आईंच्या पाठीवर डाग आहे.

न्हाणीत पाठ चोळून द्यायला गेले तेव्हा दिसला. गोल, बांबूच्या टोकाएवढा, काळानिळा, कडेने भाजल्यासारखा. माझ्या पाठीवर तसे चार आहेत, हे त्यांनी आधीच पाहिलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. स्वतःचा तर पदराखाली लपवून हिंडत होत्या. मी भांडले. त्या म्हणाल्या, नोकरी सोड, दुसरी मिळेल. मी म्हटलं, सोडली तरी ते इथवर आलेतच. आणि पंधरा दिवसांनी दगड दालनात उभा राहील. सहली येतील, बायका येतील. त्यात नवरा गेलेल्या किती असतील? त्या चौघांचे डोळे मी उघडलेत.

मग आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. मला भीती वाटते. लिहून टाकते एकदा, म्हणजे संपलं. मला आईंसाठी फार भीती वाटते.

शुक्रवार, ३१ जानेवारी

भागुबाईला बोलावून घेतलं. मॅडमना स्पष्ट सांगितलं की डोळे परत बुजवणार आहे, हवं तर काढून टाका मला. मॅडमनी पाठीवरचे डाग पाहिले आणि व्हरांड्याचं दार आतून लावून घेतलं. भागुबाईने तेलात शेंदूर कालवला, डोळ्यांत भरला. तिच्या हाताखालीच तो सुकून भुकटी होऊन गळायला लागला. पुन्हा भरला, पुन्हा गळला. तिचं बोट भाजलं.

एकदा त्या चौघांनी एखादीला पाहून ठेवलं, की मग शेंदूर धरत नाही, असं तिची सासू सांगायची. मग पुढे काय, विचारलं. पुढे ते एकीला नेतात आणि मग शेंदूर धरतो.

एकीला!

मी दगडाकडे पाहिलं. चौघांचे डोळे उघडे आणि बाईचं तोंड अजून थराखाली. भागुबाईला विचारलं, हिला कोणी कधी मोकळं केलं नाही? ती म्हणाली, नाही, कोणाची छातीच झाली नाही. हिच्याबरोबर काय सुटेल, कोणाला ठाऊक? म्हणजे त्यांचे डोळे बुजवता बुजवता हिचंही तोंड बुजवत आलात तुम्ही सगळ्या. मी हे तिला तोंडावर बोलले. म्हातारी रडली. मला वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

रविवार, २ फेब्रुवारी

आईंना खुर्चीतून उठता येत नाही. उठायला लागल्या की खांद्यावर दाब येतो. ढोल आता घरात वाजतो. शेजारी कोणाला ऐकू येत नाही.

उद्या सोमवार, संग्रहालय बंद असतं. मॅडमनी किल्ली दिली. बाईचा चेहरा मी उघडणार. आई येते म्हणाल्या. नको म्हटलं तर माझ्यावरच ओरडल्या. खांद्यावर दाब असताना ओरडल्या! रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळ. आई स्टुलावर, पाठ भिंतीला घट्ट लावून. म्हणतात, आता ढकला म्हणावं.

बोळा ठेवला. थर सुटतोय. कपाळ निघालं. लहान आहे गं ही, पोरगीच आहे.

—

दुपार. ढोल फार. आईंशी बोलायचं तर ओरडावं लागतं. दाब दोन्ही खांद्यांवर. गुडघे टेकले नाहीत. टेकणार नाही.

डोळे निघाले. माझ्याकडे नाही बघत. त्या चौघांकडे बघतेय.

—

तोंड मोकळं केलं. उघडं आहे. रडत नाही ती. शिव्या घालतेय!

आणि तिचा दुसरा हात, थराखाली होता तो — आशीर्वाद नाही, नमस्कार नाही. तिने एकाचा बांबू धरलाय. मुठीत. ओढतेय. त्याचा पाय चितेच्या कडेवरून घसरलाय. कोरणाऱ्याने पाहिलं होतं हे. म्हणूनच बुजवलं कोणीतरी —

—

दगडात चौघांच्या जागा रिकाम्या आहेत.

व्हरांड्यात धूर. आईंचं स्टूल पडलं. आई पडल्या नाहीत. भिंतीला धरून उभ्या आहेत, भावकीला घातल्या होत्या त्याच शिव्या घालताहेत —

दिसतात आता. तोंडं साधीच. भावकीतली असावीत तशी.

बांबू छातीवर. गरम. मी धरला. एका हाताने लिहितेय. माझ्या मुठीला लागून अजून एक मूठ आहे — लहान, पोरीची — ती ओढतेय. आईंचाही हात आला —

घसरला. एकाचा पाय घसरला! डोळ्यांत भीती आहे त्याच्या — त्याच्या —

वही खाली ठेवते, दोन्ही हात लागतील. या रे. आज चितेत कोण जातंय ते ब—