उतरणीच्या खुणा

प्रिय धाकट्या,

हे पत्र घेऊन तुझे दाजी तुझ्या गोदामाच्या फाटकाशी येतील. त्यांना चहा पाज, पण गप्पा मारायला बसण्याआधी हे शेवटपर्यंत वाच. अर्धं वाचून, घडी घालून खिशात टाकू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण मी मुद्द्यावर आले की तुझी गाडी लागते, माल उतरवायचा असतो आणि 'ताई, नंतर बोलू' होतं. दोन वर्षं झाली, तुझं ते 'नंतर' काही आलं नाही.

आम्ही मंगळवारपासून इथे आहोत. आपल्याच गावात, पाहुण्यांसारखे. तळ्याकाठी जिथे जाळी वाळत घालायचे तिथे आता सहा खोल्यांचं अतिथिगृह आहे. खिडकीतून धक्का दिसतो, बाबांची नाव बांधायचा खुंटासुद्धा. त्याला आता फुलांची कुंडी लटकवली आहे; बाबांनी बघितली असती तर खुंट्याची माफी मागितली असती. खोलीतल्या टेबलावर जिल्ह्याची नवी माहितीपुस्तिका ठेवलेली असते. दगडी पूल, जुनी गिरणी, तळं, आणि चौथ्या पानावर टेहळणीचा मनोरा. 'दोन वर्षांनंतर मनोऱ्याची वाट रविवारपासून पुन्हा खुली. ज्या वाटेने चढाल त्याच वाटेने उतरा. झाडांवरच्या पांढऱ्या खुणा सोबतीला आहेत.' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की दाजी म्हणाले, पाठ करून म्हणून दाखवायचंय का कुणाला?

मंगळवारीच गिरणी बघितली. आत संग्रहालय केलंय, आणि तिकीट फाडायला त्याच बाई आहेत, तुला डब्यातलं काहीबाही खाऊ घालणाऱ्या. मला ओळखलं. म्हणाल्या, 'तुमचा भाऊ जात्याच्या दगडाला बोलतं करायचा हो. आताचे वाटाडे पाटी वाचून दाखवतात. पाटी काय, लोकांना वाचता येते की.' मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, तुझं नाव वाटाड्यांच्या यादीत परत घालणार आहेत का. मी म्हटलं, माहीत नाही. तेवढ्यात मागे उभा असलेला एक माणूस म्हणाला, 'कसं घालतील? मास्तरांना खड्ड्यात पाठवलं त्याने.' बाई त्याच्यावर खेकसल्या. मी मात्र तिकिटाचे सुटे पैसे मोजत राहिले. हे तुला कळायला हवं.

त्या मास्तरांची गोष्ट मला तुझ्याकडून कळली तेवढीच माहीत होती. निवृत्त इतिहासशिक्षक, मनोऱ्याचे दगड वहीत उतरवून घ्यायला एकटे आलेले. तू त्यांना वरपर्यंत नेलंस, खाली दुसरी मंडळी थांबली होती म्हणून तू पुढे निघालास. ते मागून एकटे उतरले, दुफाट्यावर डावीकडे वळले आणि चुन्याच्या जुन्या खाणीत पडले. दीड दिवस तिथे. जीव वाचला, पाय गेला. तू सांगितलंस की डावीकडे वळा असं घाईत तूच बोललास. मी तुला काय म्हटलं ते विसरले नाही. 'जीभ पुढे धावते तुझी, लहानपणापासून.' तू काहीच बोलला नाहीस. जीभ पुढे धावणारा माणूस गप्प कसा बसला, हे मला तेव्हाच विचारता आलं असतं.

काल सकाळी आम्ही वाटेवर गेलो. वाट अडवायला बांधलेला दोर काढला आहे, रविवारसाठी गवतही कापलंय. चढताना काही अडलं नाही. दर वीस पावलांवर झाडाच्या बुंध्यावर माझा पांढरा पट्टा. हो, माझा. तू तेव्हा आठ वर्षांचा, धक्क्यावर मासे मोजत बसायचास. जिल्ह्याच्या पर्यटन कचेरीने ते काम बाबांना दिलं होतं आणि मी एकोणीस वर्षांची, हातात ब्रश. बाबा डबा धरायचे. आपल्या नावेतून आलेली माणसं तेव्हा तळ्याच्या बाजूने चढायची आणि पलीकडे उतरून कचेरीच्या गाडीत बसायची. नावाड्याच्या घरात ती वाट चढायचीच होती, तिला उतरण आहे हे आपल्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पुढे ती गाडी बंद झाली आणि लोक आल्या वाटेने परतू लागले.

वरून उतरायला लागलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. पन्नास पावलं गेलो आणि मी थांबले. समोर नुसते बुंधे. करडे, सारखे, कोरे. मागे वळले तर दोन पट्टे स्वच्छ दिसत होते. पुन्हा पुढे बघितलं, काही नाही. दाजी म्हणाले, 'चल गं, वाट काय पळून जातेय?' पण वाट खरंच पळाली होती. पाचोळ्याखाली कुठे होती ते कळेना. मी दर थोड्या अंतरावर उलटी फिरून पट्टा शोधायची, मग पुढे. अर्ध्या तासाची उतरण, आम्हाला दीड तास लागला. दाजींच्या गुडघ्याने बोलायला सुरुवात केली आणि दाजींनी बोलणं थांबवलं. दुफाट्यावर ते पुढे होते. डावी वाट रुंद आहे, एके काळी चुन्याच्या गाड्या जायच्या तिच्यावरून. पाऊल आपसूक तिकडेच पडतं. मी ओरडले, त्यांच्या पाठीवरची पिशवी धरून मागे खेचलं. दोघेही बसलो खाली. दहा पावलांवर झुडपं संपत होती आणि त्यापुढे जमीन नव्हती. ते बसल्या बसल्या मागे सरकले. मग म्हणाले, 'इथे तर डावीकडे वळा असं कुणी सांगायची गरजच नाही.'

धाकट्या, मी हे लिहिणार होते की तेव्हा मला सगळं आठवलं. खोटं आहे ते. मला पहिल्याच दिवशी आठवलं होतं, मास्तरांची बातमी आली त्याच दिवशी. कचेरीच्या कागदावर लिहिलं होतं, खुणा दोन्ही बाजूंनी. मी एकच बाजू रंगवली. दुसऱ्या दिवशी शहरात मुलाखत होती, दुपारची गाडी चुकवायची नव्हती. बाबांना म्हटलं, उतरताना कोण बघतंय, आणि काम पुरं झाल्याच्या कागदावर माझ्या हाताने लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी पूर्ण.' बाबांना वाचता येत नव्हतं. तू चूक कबूल केलीस आणि मला हायसं वाटलं. हा शब्द मी खोडून दुसरा लिहिणार होते, पण तोच खरा आहे.

वाटेवरून थेट कचेरीत गेले आणि मास्तरांच्या प्रकरणाची फाइल मागितली. कारकून कुरकुरला, पण दिली. त्यात तुझा जबाब आहे. 'खुणा दोन्ही बाजूंनी स्पष्ट होत्या. मीच तोंडी चुकीची वाट सांगितली.' ज्याने दीड दिवस त्या डोंगरावर माणूस शोधला, त्याला खुणा कुठल्या बाजूला आहेत हे माहीत नव्हतं? आणि त्याच फाइलमध्ये माझ्या अक्षरातला तो जुना कागदही आहे. तुला तेव्हा तो दाखवला होता, कारकुनाने सांगितलं. तू तो बराच वेळ हातात धरून बसलास म्हणे, आणि मग जबाब लिहायला घेतलास.

आज सकाळी मी माझा जबाब लिहून दिला. साहेब घेईनात. 'बाई, पुस्तिका छापून झाल्या, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, आता हे कुठून काढलंत?' मी खुर्चीवरून उठले नाही. शेवटी शिक्का मारला. माझ्या शाळेला पत्र जाईल, चित्रकलेच्या बाईंनी खोटं लिहून दिलं म्हणून, जाऊ दे. पण साहेबांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. शुक्रवारी ते तुला बोलावणार आहेत. तू जुन्या जबाबावर ठाम राहिलास तर माझा कागद बहिणीची माया म्हणून बाजूला पडेल, रविवारी वाट उघडेल आणि लोक त्या कोऱ्या बुंध्यांमधून उतरतील. एवढ्याचसाठी हे पत्र. तू मला एकदा वाचवलंस आणि मी वाचवू दिलं. शुक्रवारी तसं करू नकोस. ये, त्यांच्यासमोर बस, आणि माझं नाव घे.

तुझीच, जिने तुला उगाच बोल लावला ती,
ताई