बिबड्यांचं पटांगण

१२ एप्रिल, रवि.
पटांगणाला साखळी! वर कुलूप! नव्या बिल्डिंगच्या शेठने लावलं. बोर्डही, ‘पार्किंग फक्त सभासदांसाठी’. डोकंच फिरलं माझं. देवपूरची ही गल्ली गिरणीकामगारांनी वसवली, ही जागा सगळ्यांना म्हणून मोकळी सोडली. गिरणी गेली, भोंगा गेला. पण दर उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, आमचे खानदेशी पापड, इथेच वाळल्या. आधी सासूबाईंच्या, मग माझ्या. आज हिच्या घरच्या, उद्या तिच्या. बोलावणं नाही, मजुरी नाही. चूल पेटली की बायका आपणहून येतात.

१३, सोम.
शेठला भेटले. म्हणे, “मावशी, आता घरी कोण करतं? दुकानात मिळतात. तुम्हाला दोन किलो पाठवतो ना.” मला! बिबड्या पाठवणार! तळपायाची आग मस्तकात गेली. घरी हे म्हणतात, जाऊ दे. काय जाऊ दे? गेल्या साली ‘पाहुण्यांची गाडी आहे, दोन दिवस’ म्हणाला, तेव्हा आम्हीच वाळवणाच्या खाटा सरकवल्या. वर चहा पाजला. मूर्ख आम्ही.

१४, मंगळ.
शेजारच्या लीलाअक्काकडे जाऊन तणतणले. अक्का शांत. “ज्वारी भिजाड. मंग दखू.”
भिजवली.

१७, शुक्र.
ज्वारी दळून आणली. वाळवायची कुठे, ते अक्का सांगत नाही. नुसती हसते.

१८, शनि.
ओट्यावर बसून लिहितेय.
उजाडताच अक्काने चूल मांडली. साखळीच्या ऐन तोंडाशी! घाट्याचं, म्हणजे ज्वारीच्या पिठाच्या उकडीचं, पातेलं चढलं, बायका जमल्या. गाड्या आत अडकल्या. शेठ हॉर्नवर हॉर्न. “चूल हलवा!”
अक्का घाटा हाटत, ढवळतच म्हणाली, “भाऊ, घाटा शिजी राहिना. हाटनं सोडं ते खाले लागी जाई. तू कुलूप खोल, बठ्ठ्या बाया मझार, पटांगणमा, येतीन.”
“पोलिसांना बोलावतो!”
“बलाव. त्यास्ले बी घाटा देसू.”
तेवढ्यात शेठची बायको जिना उतरून आली. आजवर आमच्याशी शब्द नाही तिचा. पदर खोचला. “आमच्या मारवाडात असेच उकडीचे खिचिया पापड करतात. मला जमेल.” वाटीत हात भिजवून बसलीसुद्धा.
“वर चल,” शेठ म्हणाला. तिने बांगड्या वर सारल्या.
अक्का ओरडतेय, घाटा झाला. आता लगेच थापायला हवा, नाहीतर सगळा वाया.
शेठ किल्ली हातात धरून कुलपापाशी उभाच आहे.